अंबाडीचं पाणी

या वहीत शुद्धलेखन चुकलेलं सापडेल. माझी शाळा चौथीत सुटली, आणि ऱ्हस्व-दीर्घ तेव्हाही गुरुजींचा मार खाऊनसुद्धा बसलं नाही. जाळी विणून बोटांची पेरं जाड झालीत, त्यामुळे अक्षरही किरटं येतं, ओळ खाली घसरते. वही मुलीची आहे. तिची मागची पानं कोरी राहिली होती. ती यंदा चौथीतच आहे, तिच्या हाती लागलं तर माझ्या चुका काढायला बसेल, म्हणून वही पेटीत तळाला ठेवते. मला बोलता येत नाही म्हणून लिहिते. चार माणसं समोर आली की माझी जीभ टाळूला चिकटते. हे लहानपणापासून आहे, आणि यानंच आमचं जे व्हायचं ते झालं.

आम्ही भोई. चांदूर रेल्वेपासून गाडीरस्त्यानं तास-दीड तासावर आमचं गाव, गावाच्या उगवतीला तलाव. सासऱ्यांच्या काळात तलाव कोणाचा हे कोणी विचारत नव्हतं. भोयांनी मासे धरायचे, गुरांनी पाणी प्यायचं, बायांनी धुणं धुवायचं, आणि दिवाळीच्या आगेमागे शेतकऱ्यांनी उथळ अंगाला अंबाडी बुडवायची. अंबाडीचे भारे पाण्यात रचून वर दगड-माती टाकतात. पंधरा-वीस दिवसांत साल कुजून सुटते, ती सोलून, आपटून, धुतली की वाख निघतो. गावातल्या बैलांची दावी, विहिरीचे नाडे, खाटांचं विणकाम, सगळं त्याच वाखाचं. त्या दिवसांत उथळ अंगाचं पाणी चहासारखं काळं व्हायचं, नाकाला पदर लावावा लागायचा, आणि महिन्याभरात आपोआप निवळायचं. मासे मेल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तेव्हा तलावात मरळ, शिंगी आणि वांब एवढीच जात होती. चिखलात जगणारी. मरळ तर ओल्या पोत्यात गुंडाळून बाजारात नेली तरी संध्याकाळपर्यंत कल्ले हलवते.

नवे पैसे येऊन दोनेक वर्षं झाली असतील, तेव्हा पंचायतीनं तलावाचा हर्रास केला. ह्यांनी तीन वर्षांसाठी बोली धरली. सासूबाईंचे चांदीचे वाळे त्यात गेले. मच्छी खात्याचे एक साहेब अमरावतीहून आले होते, ते म्हणाले, मरळीच्या नादी लागू नका, रोहू, कतला, मिरगल सोडा, दीड वर्षात सेरा-सेराचा मासा होईल. बीज कलकत्त्याहून आगगाडीनं येतं, म्हणाले. पण बिजाला पैसे नव्हते.

पैसे मी आणले. गावच्या पाटलीणबाईंकडून. त्यांच्याकडे मी लग्न होऊन आल्यापासून निवडण-टिपण करायला जात असे. मी फार बोलत नाही म्हणूनच त्यांना आवडायचे. त्यांनी तुपाच्या विक्रीतून साठवलेले दीडशे रुपये ज्वारीच्या कणगीतून काढले, माझ्या ओच्यात घातले आणि म्हणाल्या, "माह्या माणसाले कळू देऊ नको. तुह्या माणसाले सांग, पर त्याले मनाव गावात बोंब मारजो नोको."

बीज घ्यायला आम्ही दोघं बडनेऱ्याला गेलो. मला सहावा महिना होता, पण दोन हातांनी होणारं काम नव्हतं. मातीच्या मडक्यांत पाणी, आणि पाण्यात जिऱ्याएवढे जीव. आणणाऱ्या माणसानं सांगितलं, मडकं सारखं हलवत राहायचं. तळहातानं पाणी हलकं थापटायचं. "हात थांबला की बीज गुदमरलं," असं म्हणाला. कलकत्त्यापासून तो आणि त्याचा भाऊ पाळीपाळीनं हात हलवत आले होते. त्यांचे तळवे भिजून पांढरे, सुरकुतलेले झाले होते.

चांदूरपर्यंत पॅसेंजरमध्ये, पुढे बैलगाडीत, मी तेच करत राहिले. उलटी आली तरी डाव्या हातानं तोंड धरलं, उजवा हात थांबवला नाही. हे मागे वळून विचारायचे, "जिते हायेत ना वं?" मी मान हलवायची. गाडीवाला हसून म्हणाला, "भोईभाऊ, तुह्या घरी दोन-दोन बाळंतपणं होऊन राह्यली वाट्टे." तलावावर पोचलो तेव्हा माझा उजवा हात खांद्यापासून बधिर झाला होता. ह्यांनी मडकं लगेच ओतलं नाही. आधी मडक्यात तलावाचं थोडं थोडं पाणी घातलं, जिवांना नव्या पाण्याची ओळख होऊ दिली, मग मडकं तिरपं केलं. एकेक करत ते निघून गेले. मी किती तरी वेळ बघत होते. पाण्यात काही दिसत नव्हतं, तरी बघत होते.

पहिलं वर्ष चांगलं गेलं. पाऊस भरपूर झाला, अंबाडी नेहमीसारखी बुडली, पाणी थोडं काळं झालं आणि निवळलं. मासे तेव्हा बोटभर होते, तलाव भरलेला होता. आम्हाला वाटलं, मरळीला चालतं ते यांनाही चालतं. पंचायतीचा कागद करतानाही ह्यांनी अंबाडी बुडवू नये अशी अट घातली नव्हती ती याच समजुतीनं. पाण्यातला माणूस असून हे ओळखलं नाही, असं मागून ह्यांना लोकांनी टोचलं. पण ह्यांच्या बापानं, आजानं तलावात कधी रोहू पाहिला नव्हता. कोण सांगणार?

दुसऱ्या वर्षी मासे हातभर झाले. संध्याकाळी मी पाळीवर, तलावाच्या बांधावर बसून माशांना कोंडा आणि भुईमुगाची ढेप म्हणजे पेंड टाकायची. पाण्याला उकळी फुटल्यासारखं व्हायचं. मुलगी तोवर दहा महिन्यांची झाली होती. तिला मांडीवर घेऊन बसले की तीही हात थापटायची.

त्या वर्षी पाऊस लवकर उघडला आणि कार्तिकात तलाव निम्मा होता. आणि अंबाडीला भाव होता, म्हणून सगळ्यांनी जास्त पेरली होती. सगळ्यात जास्त पाटलांची. त्यांचं वावर तलावाच्या वरच्या अंगाला लागूनच. गाड्याच्या गाड्या भारे येऊन पडले, उथळ अंग भरलं, मग मधल्या अंगापर्यंत आले.

त्याच आठवड्यात अकोल्याचा एक व्यापारी माल बघायला आला. त्याला दाखवायला ह्यांनी दोन दिवस जाळं ओढलं. मासे पाहून तो खूश झाला, थंडी पडली की काढू म्हणाला. पण ओढलेले मासे पुन्हा सोडले तेव्हा त्यांच्या अंगाची खवलं जाळ्याला चिकटून राहिली होती. चार दिवसांनी काठाला एक कतला तिरका पोहताना दिसला. पाठीवर लाल चट्टा, त्याच्या कडेला पांढरं. पोहण्याचे पर कुजल्यासारखे झालेले. असे मग आणखी दिसले. हे म्हणाले, "चांगल्या पाण्यात असते तं आठ दिवसांत भरले असते. मासा धसका घेते. धसका घेतला का खात नाई, अन् खाल्लं नाई का जखम भरत नाई." मला हे पटलं. बाजारात बसणाऱ्या बाईला हे ठाऊक असतं. शांतपणे मेलेला मासा दुपारपर्यंत टिकतो, तडफडून मेलेला दहाच वाजता वास मारतो.

मग झिंगे बाहेर आले. सकाळी मी घागर घेऊन गेले तर धुण्याच्या दगडांवर, गवतावर, पाण्याच्या बाहेर झिंगे चढून बसले होते. शेकडो. हात लावला तरी पाण्यात उडी मारत नव्हते. खेकडे पाळीवर आले होते. ह्यांनी उथळ अंगाचं पाणी ओंजळीत घेऊन हुंगलं आणि पाटलांकडे गेले. पाटलांच्या माणसांनी सांगितलं, पिढ्यान् पिढ्या अंबाडी इथंच बुडते, भोयानं तलाव विकत नाही घेतला. हे परत आले. माझ्यासमोर उकिडवे बसले.

"तू जाय. बाईले सांग. तुहं आयकन ते. म्हणा, चार रोज भारे काठावर घ्या, आमचे मासे निघू द्या, मंग पाह्यजे तितकी बुडवा."

मी गेले. रस्ताभर वाक्य जुळवत गेले. बाई, चार रोज भारे काठावर घ्या. बाई, चार रोज.

पाटलीणबाई ओट्यावर अंबाडीच्या बोंडांच्या लाल पाकळ्या सोडवत होत्या. मला पाहून त्यांनी सूप सरकवून जागा केली.

"ये वं पोरी. तोंड कावून उतरलं? पैशाचं सांगाले आली काय?"

मी ओट्याच्या कडेला टेकले.

"अवं, मी मांगतले काय? मासे इकले का देजो. नाई इकले तं पुढच्या साली देजो. म्या कोणाले सांगतलं नाई, तूबी सांगू नोको."

"बाई, तलावात..." मी म्हटलं.

"तलावाचंच पुसणार होती मी! लय मोठे झाले म्हणते मासे? पयला मासा माह्याकडे आणजो बरं. घरात नाई चालत, पर मी आंगणात तीन दगडं मांडीन." आणि त्या हसल्या. त्यांनी पळसाच्या पानावर बोंडांची चटणी बांधली, वर गुळाचा खडा ठेवला आणि माझ्या हातात दिली. "लेकराची माय हायेस. खात जाय."

दीडशे रुपये त्यांचे माझ्या अंगावर. त्यांच्या हातची चटणी माझ्या हातात. त्यांच्याच वावरातली अंबाडी. तुमच्या अंबाडीनं आमचे मासे मरतात, हे मी कोणत्या तोंडानं म्हणू? मी पाया पडले आणि निघाले.

हे पाळीवरच थांबले होते. लांबूनच विचारलं, "सांगतलं?"

मी म्हटलं, "हाव."

"काय म्हणते?"

"काढतो म्हणाल्या. एक-दोन रोजात."

हे मी बोलले. विचार करून बोलले नाही, पण बोलले. ह्यांच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला ते परत घेता येईना. "मंग मी अकोल्याले जाऊन येतो," हे म्हणाले. "यापाऱ्यासंगं भाव पक्का करतो." आणि त्याच दुपारच्या गाडीनं गेले.

उद्या पुन्हा जाईन, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून आभाळ आलं. मी पाटलांच्या आळीपर्यंत गेले. ओट्यावर पाहुणे होते. परत आले.

तिसऱ्या दिवशीही आभाळ तसंच. तांबडं फुटताना तलावावर गेले तर सगळे मासे वर आले होते. पाण्याच्या कातडीला तोंडं लावून. गोल, उघडी तोंडं, एकाला एक चिकटून, पाळीपासून मधल्या अंगापर्यंत. तोंड उघडायचं, मिटायचं, उघडायचं. आवाज यायचा, लहान मूल झोपेत चोखतं तसा.

मला वाटलं, भूक. खरं सांगायचं तर मला ती भूकच असायला हवी होती. ह्यांच्या गैरहजेरीत दोन दिवस मी नीट खाऊ घातलं नव्हतं. भूक असली तर ती अंबाडी नव्हे, आणि अंबाडी नसली तर माझ्या खोट्या बोलण्यानं काही बिघडलं नव्हतं. मी धावत घरी गेले. ढेपेचे दोन डबे होते, दोन्ही फोडून टाकले. कोंडाही टाकला. एकानंही तोंड लावलं नाही. ढेप त्यांच्या तोंडांशेजारून तळाला गेली. दुपारी थोडं ऊन पडलं तेव्हा मासे खाली गेले, आणि मी घरी येऊन सुटल्यासारखी झोपले. खाल्लं असेल, असं मनाला सांगितलं.

चौथ्या दिवशी उजाडताना मुलीला घेऊनच तलावावर गेले. ढेप आंबून वर आली होती. पाणी काळं, त्यावर फेस. मासे वर होते, पण आता सगळी तोंडं हलत नव्हती. मोठे कतले कुशीवर होत होते, पांढरं पोट दिसायचं, पुन्हा सरळ व्हायचे. मग होत नव्हते.

तेव्हा मला मडकं आठवलं. हात थांबला की बीज गुदमरलं.

मुलीला पाळीवर पदराच्या फडक्यावर ठेवलं आणि लुगडं खोचून मी कमरेइतक्या पाण्यात शिरले. दोन्ही हातांनी पाणी थापटायला लागले. वर उडवायला लागले. घागरीनं उचलून ओतायला लागले. एवढा तलाव. मासे माझ्या मांड्यांना आपटत होते, पोटाला लागत होते, पळत नव्हते. माझ्या हातांभोवती आठ-दहा जमायचे, तिथं दम घ्यायचे, मी पुढे सरकले की मागचे बुडायचे. मुलगी रडत होती. मी थांबले नाही.

माणसं जमली. पाळीवरून कोणी ओरडलं, "भोईन तलाव घुसळून राह्यली रे!"

"लोणी निघन तं आमालेबी देजो वं!"

हसले सगळे. मग कुणीतरी टोपली आणली, पांढऱ्या पोटाचे मासे गोळा करायला. मग सगळ्यांनी आणल्या.

पाटलीणबाई आल्या तेव्हा मी उरापर्यंत पाण्यात होते. त्यांनी पाळीवरून पाहिलं, उथळ अंगाकडे पाहिलं. बाई म्हणून त्या कधी पुरुषांत आवाज चढवत नसत. त्या दिवशी आपल्या माणसांवर ओरडल्या, "पायता काय मुडद्यावानी? काढा ते अंबाडी! आत्ताच्या आत्ता काढा!" आणि खाली वाकून त्यांनी माझ्या मुलीला उचललं.

एका शब्दावर काढली त्यांनी. तो शब्द मी तीन दिवस आधी बोलले असते तर.

दुपारी हे आले. अकोल्याहून भाव पक्का करून, मुलीला झबल्याचं कापड घेऊन. पाळीवर चढले तेव्हा पाटलांचे गडी शेवटचे भारे ओढत होते आणि सगळा तलाव पांढरा झाला होता. ह्यांनी गड्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाले, "मेल्यावर काढून राह्यली. तुले हाव म्हणून, मेल्यावर काढून राह्यली."

मी भिजलेली उभी होते. तेव्हाही बोलले नाही.

मच्छी खात्याचे साहेब दोन दिवसांनी आले. वास गावाबाहेरपर्यंत होता. त्यांनी एक रोहू उचलून कल्ला उघडून दाखवला. आत लाल हवा होता तो काळपट, चिकट झाला होता. ते म्हणाले, हा मासा पाण्यात मिसळलेली हवा घेतो. अंबाडी कुजली की ती पाण्यातली हवा खाऊन टाकते. वर आभाळ, ऊन नाही, म्हणून पाण्यात नवी हवा तयार झाली नाही. मरळ तेवढी वर येऊन बाहेरची हवा घेते, म्हणून तुमची मरळ जिवंत आहे. जाळ्यानं जखमी झालेले, घाबरलेले आधी गेले असतील. मग त्यांनी काठीनं तळाचा गाळ ढवळला आणि विचारलं, "ही ढेप कोणी टाकली? तोंड उघडलं म्हणजे भूक नव्हे. दम कोंडला होता त्यांचा. त्यात ही ढेप कुजली. उरलेसुरले हिनं मारले."

हे म्हणाले, "ढेप कोणी नाई टाकली साहेब. मी गावाले होतो."

मी डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

त्यानंतर आठवड्यात माझं दूध आटलं. सुईण म्हणाली, धसका. मला माशांची खवलं आठवायची.

बोलीचे पुढले पैसे भरता आले नाहीत, तलाव गेला. आम्ही अकोल्याला आलो. हे कापसाच्या बाजारात हमाली करायचे, मी जिनात रुई-सरकीच्या कामावर. पुढे मासळीबाजारात एका बाईच्या हाताखाली बसायला लागले, मग माझी स्वतःची पाटी झाली. पातूरकडच्या तलावांतला माल येतो, तो विकते. गिऱ्हाईक कल्ला उघडून बघतं तेव्हा मी दुसरीकडे पाहते.

पाटलीणबाईंचे पैसे मी दर दिवाळीनंतर एसटीनं जाऊन देत होते. कधी दहा, कधी वीस, एक वर्ष पाचच. हे कधी आले नाहीत. बाईंचं नाव निघालं की म्हणायचे, "तोंडावर हाव म्हणते, मागून गळा कापते. अशा बाईचे पैसे ठेवू नोको, पर माह्यासमोर तिचं गुण गाऊ नोको." नऊ वर्षं मी हे ऐकलं. चटणी पाठवली त्यांनी तरी हे गायीला घालायचे. आणि तिकडे बाई दर वेळी विचारायच्या, "तुहा माणूस कसा हाये? तो कावून येत नाई वं?" मी म्हणायची, काम असतं.

परवाच्या दिवाळीनंतर शेवटचे वीस रुपये उरले होते. ते घेऊन गेले. बाई फार थकल्यात, डोळ्यांत फूल पडलं आहे. ओट्यावर बसल्या होत्या. अंबाडी नव्हती. आता वाख कोणी काढत नाही म्हणाल्या, आयते दोर येतात. तलावात शेताच्या फवारणीचे डबे धुतात, आता मरळसुद्धा कधीतरी उलटी दिसते.

दहा-दहाच्या दोन नोटा माझ्या मुठीत होत्या. मला वाटलं, ह्या दिल्या की मी मोकळी, मग बोलेन. मग वाटलं, दिल्या की बोलणारच नाही. म्हणून हातात धरूनच बोलले. त्या दिवशी का आले होते ते. ह्यांना काय सांगितलं ते. ढेप. सगळं खालमानेनं बोलले, मध्ये थांबले असते तर पुन्हा सुरू झालं नसतं.

बाईंनी माझ्या बाजूला तोंड वळवलं. मग म्हणाल्या, "कावून नाई सांगतलं वं तवा? मी काय खाल्लं असतं तुले?"

"तुमचे पैसे होते माह्यापाशी."

"म्हंजे माह्या पैशानं मारले म्हण ना मासे." त्यांनी डोळे पुसले, रागानं. "अन् नऊ साल मी तुह्या माणसाच्या नजरेत खोटी? त्याले सांगतलं आता?"

"नाई."

मी नोटा पुढे केल्या. त्यांनी माझा हात ढकलला.

"नाई घेत. आधी त्याले सांग. तवर हे वीस रुपये माहे तुह्यावर. जाय."

आलेल्या एसटीनं परत आले, नोटा तशाच.

दुसऱ्या दिवशी दुपारी हे दाराशी जाळं दुरुस्त करत बसले होते. मी समोर बसले, दुसरं टोक धरलं आणि सांगितलं. ह्यांची सुई चालू होती. मग थांबली. मी ढेपेचंही सांगितलं. ह्यांनी वर पाहिलं नाही.

"इतके मासे तोंड वासून मेले," हे म्हणाले, "अन् तुहं तोंड नाई उघडलं."

उठून बाहेर गेले. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मुलीनं विचारलं, बाबा का रागावले, मी म्हटलं, जाळं फाटलं. अजूनही, मीठ आणलं का एवढं साधं विचारतात आणि मी हो म्हटलं तरी जाऊन डबा उघडून बघतात. ते आता तसंच राहणार.

तिसऱ्या दिवशी पहाटेच ह्यांनी बाजारातून एक रोहू आणला. कल्ला उघडून स्वतः पाहिला, ओल्या पोत्यात गुंडाळला. माझ्यासमोर हात पसरला. "ते वीस रुपये दे." मी दिले. एसटीनं गेले.

दिवेलागणीच्या आधी आले. पाय धुतले, रिकामं पोतं दोरीवर वाळत घातलं. मी दारात उभी होते, विचारायचं होतं, जीभ टाळूला चिकटली होती.

"आंगणात तीन दगडं मांडले म्हातारीनं," हे म्हणाले. "दिसत नाई तिले, पर हातानं कल्ला चाचपला. चांगला हाये म्हणे." मग पाठ माझ्याकडे करून, "घेतले पैसे. फिटले."